मुठाकाठचा नऊ नंबर

मी, श्यामसुंदर वामन खांबेटे, वय ७४, निवृत्त भूगोल शिक्षक, राहणार सदाशिव पेठ, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या टेबलावर, सकाळचा चहा झाल्यावर लिहायला घेतले आहे. माझी बुद्धी आणि स्मरणशक्ती शाबूत आहे. रक्तदाब आहे, त्याचा या कागदाशी संबंध नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, गळ घातलेली नाही आणि माझ्या वतीने विचार करण्याची तसदीही कोणी घेतलेली नाही. २०१६ साली केलेले मृत्युपत्र माझी पत्नी अस्मिता हिच्या नावे होते. ती माझ्या आधी गेली. ते मृत्युपत्र मी रद्द करतो. यापुढे लिहितो तेच खरे धरावे.

कलम १. मी राहतो तो दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आतील सामानासह, माझी एकुलती एक मुलगी नीरजा हिला देतो. तिला तो ठेवायचा असेल तर ठेवावा, विकायचा असेल तर विकावा. विकणे या क्रियापदाविषयी माझी मते कडक आहेत व ती पुढे येतील, पण ती घराला लागू नाहीत.

कलम २. बँकेतील ठेवी नात स्पृहा हिच्या शिक्षणासाठी. ती भूगोल सोडून कोणताही विषय घेऊ शकते. भूगोल घेतल्यास आनंद होईल, पण मी तो पाहायला नसेन, तेव्हा दडपण घेऊ नये.

कलम ३. माझी स्कूटर गरजू माणसास द्यावी. तळमजल्यावरील गद्रे यांना देऊ नये. त्यांनी एकोणीस वर्षे माझ्या स्कूटरच्या जागेत कुंड्या ठेवल्या. मी मेल्यावर ती जागा त्यांना आपोआप मिळेल, तेवढे पुरे.

कलम ४. नकाशे व ॲटलास शाळेला. शाळेने नको म्हटल्यास आग्रह करू नये. हल्ली सगळे फोनवर असते.

कलम ५. मुठाकाठ फुटबॉल क्लबचे सचिव श्री. रंगराव साळेकर यांना माझी घडीची खुर्ची द्यावी. तिच्यावर बसून त्यांनी एक तरी सामना शेवटपर्यंत पाहावा. आजवर ते मध्यंतराला उठून जात, बरोबर बाहेरगावचा एखादा पाहुणा असे, आणि पुढच्या जूनमध्ये आमचा एक खेळाडू नाहीसा होई.

सदाशिव पेठेतला मास्तर फुटबॉलच्या नादी कसा लागला, असे मला आयुष्यभर विचारले गेले. १९९२ साली शाळेची मुले घेऊन सामना पाहायला गेलो होतो. उद्घोषक आला नव्हता. माझा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. कोणीतरी माईक हातात दिला तो एकतीस वर्षे सुटला नाही. सामन्याआधी दोन्ही संघांची यादी वाचायची, गोल झाला की कोणी केला ते सांगायचे, एवढेच काम. पण नाव पूर्ण घ्यायचे, वडिलांच्या नावासकट आणि स्पष्ट, हा माझा नियम होता.

त्या एकतीस वर्षांत क्लबने सतरा उत्तम खेळाडू विकले. गोलकीपर तयार झाला की गोव्याला, मधल्या फळीतला जमला की बंगालला. उरलेल्यांना घेऊन आम्ही पुन्हा पहिलीपासून सुरुवात करायची. माझ्या वर्गातली मुले निदान पास होऊन जात. एका वर्षी आम्ही दोनशे माणसे पहिली दहा मिनिटे मैदानाकडे पाठ करून उभे राहिलो. फाटकावर पाटी लावली: “येथे खेळाडू तयार करून मिळतील. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.” रंगरावांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, “सर, अक्षर तुमचं आहे. आता एवढंच सांगा, मैदानाचं भाडं, रेफ्रीचं मानधन, पोरांचे बूट, हे पाठ करून उभं राहिल्यावर कुठून येतं?”

प्रश्न रास्त होता. हे न्यायाने लिहून ठेवतो. रंगराव वाईट मनुष्य नाहीत. खुर्ची मात्र त्यांनी घ्यावी.

कलम ६. माझ्या मालकीचा माईक, ॲम्प्लिफायर व दोन कर्णे कोणालाही देऊ नयेत. क्लबने मागितले तरी देऊ नयेत. नीरजाने ते माणूस बोलावून समोर मोडून घ्यावेत. कारण सविस्तर लिहितो. हे लिहिण्यासाठीच खरे तर मी आज बसलो आहे.

चेतन कचरू ओव्हाळ हा खेळाडू २०१८ साली पुण्याजवळच्या मांजरी गावाहून आमच्याकडे आला, अठरा वर्षांचा. वडील कचरू ओव्हाळ मार्केट यार्डात मापाडी, म्हणजे आलेला माल काट्यावर तोलून देणारे. आई राधाबाई अंगणवाडीत. चेतन डाव्या बाजूने खेळे, पाठीवर नऊ नंबर. चेंडू पायात नसताना तो कमरेवर एक हात ठेवून उभा राही, बसची वाट पाहावी तसा, आणि मग कोणाला कळायच्या आत गोलपाशी असे. माझ्या एकतीस वर्षांत मी असा खेळाडू पाहिला नाही. तो दर सामन्यानंतर माझ्याकडे येऊन विचारी, “सर, आज बरा खेळलो का?” माझ्या स्वतःच्या मुलीनेही मला इतक्या वेळा काही विचारलेले नाही.

जून २०२२ मध्ये रंगरावांनी त्याला पूर्वेकडील एका शहरातल्या मोठ्या क्लबला विकले. चेतन पेढे घेऊन आला. मी पेढा खाल्ला आणि त्याला “यशस्वी हो” म्हणालो. दार लावल्यावर मी काय म्हणालो ते अस्मिताच्या फोटोने ऐकले आहे.

त्या ऑक्टोबरात पहिला सामना होता, रविवार, दुपारी साडेतीन. मी यादी वाचत होतो. आठ नंबर वाचला आणि तोंडाच्या सवयीने पुढे म्हणालो, “नऊ नंबर, चेतन कचरू ओव्हाळ.” नऊ नंबर त्या दिवशी कोणालाच दिलेला नव्हता. आधी लोक हसले. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवली. मी चूक दुरुस्त केली नाही.

मध्यंतरानंतर आमच्या शौनकने, हा डावा बचावपटू, चेंडू पुढे मारला. पुढे कोणी नव्हते. चेंडू सरळ रेषेबाहेर जायचा, तो वळला. वारा नव्हता, कर्ण्यांवर बांधलेली पताका हालत नव्हती. चेंडू दोन माणसांना चुकवून आत गेला, थांबला, आणि मग गोलात गेला. रेफ्रीने तो समोरच्या संघाचा स्वयंगोल ठरवला, कारण दुसरे काय ठरवणार.

माझ्या शेजारी क्लबच्या स्कोअरर आम्रपाली कांबळे बसत. निवृत्त परिचारिका, अत्यंत काटेकोर बाई. त्यांनी पेन हातात धरून मला विचारले, “सर, हा मी कुणाच्या नावावर लिहू?”

मी म्हणालो, “रेफ्री सांगतील त्याच्या.”

“ते ऐकलं मी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काय पाहिलंत ते विचारतेय.”

संध्याकाळी चेतनचा फोन आला. नव्या क्लबचा पहिलाच सामना होता, तोही साडेतीनलाच. म्हणाला, “सर, आज काय झालं कळलं नाही. खेळ सुरू झाला आणि पाय गेले. दुखत नव्हते. नव्हतेच, असं वाटलं. अर्ध्या तासात बाहेर काढलं मला.” मी त्याला केळी खा म्हणून सांगितले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा नाव घेतले. या वेळी सवयीने नाही, लोकांनी ओरडून मागितले म्हणून. पुन्हा तेच झाले, इकडे आणि तिकडेही. सामन्यानंतर शौनक माझ्याजवळ आला. पोरगा पांढरा पडला होता. “सर, डावीकडून कोणीतरी ‘सोड’ म्हणतं. मी सोडतो. बॉल जातो.”

“कोणाचा आवाज?”

“चेतनचाच की,” तो म्हणाला. “पण दमलेला.”

आता मी जे लिहितो ते नीट वाचावे. तिसऱ्या सामन्यापासून मला ठाऊक होते. इकडे मी नाव पुकारले की तिकडे त्या पोराचे पाय जातात, हे मला फोनवरून, तारीखवार, त्याच्याच तोंडून कळत होते. तरीही तिसऱ्या सामन्यापासून नवव्यापर्यंत मी ते नाव दर रविवारी, स्पष्ट, वडिलांच्या नावासकट पुकारले. मला तो दिसूही लागला होता. डाव्या बाजूला, कमरेवर हात ठेवून, घामाने भिजलेली जर्सी. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसे. सरळ पाहिले की फक्त गवत. मला वाटे, आमचा होता, आमचाच आहे. त्यांनी विकला, मी विकलेला नाही.

दोनशे माणसे माझ्याबरोबर ते नाव ओरडत. त्यांना तिकडचे माहीत नव्हते. मला होते. हा फरक मी लपवू इच्छित नाही.

एकोणीस वर्षांनी मुठाकाठने लीग जिंकली. आम्रपालीबाईंच्या वहीत त्या मोसमातले नऊ गोल कोणाच्याच नावापुढे नाहीत. नुसता आकडा आहे, ९. चेतनला त्या क्लबने पुढच्या वर्षी मोकळे केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो मांजरीला परतला तो काठी टेकत. लीग तेव्हा पुन्हा सुरू झालेली होती आणि मी पुन्हा नाव पुकारत होतो. काठी पाहिल्यावरही मी आणखी तीन रविवार पुकारले. चौथ्या रविवारपासून तब्येतीचे कारण सांगून घरी बसलो. थांबण्याचे ते काही शूर कारण नव्हते.

कलम ७. मांजरी येथे मी नोकरीत असताना घेतलेली एक खोली व स्वयंपाकघर एवढी जागा आहे. ती चेतन कचरू ओव्हाळ यास देतो. यास कोणाचीही हरकत चालणार नाही. नीरजाला सांगितले आहे. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही त्याचं काय देणं लागता ते मला कळत नाही, पण द्या.” ती समजूतदार आहे, आईवर गेली आहे.

जानेवारी २०२४ मध्ये मी मांजरीला त्यांच्या घरी गेलो. सकाळची वेळ होती. उसाच्या गाड्या रस्त्याने चालल्या होत्या. कचरूरावांनी “जय भीम सर, या” म्हणून खुर्ची दिली. चेतन कॉटवर बसला होता, पाय पुढे सोडून, ते जणू दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. मी सर्व सांगितले. वर्गात शिकवावे तसे, क्रमाने, काही न गाळता.

कचरूरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, “सर, डॉक्टरनं फोटो काढून दाखवलंय. कमरंतली नस दबली हाय. आमच्या घरात असलं कोणी मानत न्हाई. माझ्या बापानं मानलं न्हाई, मी मानत न्हाई. तुम्ही शिकलेलं मानूस, हे कशाला अंगावर घेता?”

“मी घेतो, कारण मी केलं.”

“न्हाई केलं,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. काट्यावरचे वजन सांगावे तसे म्हणाले. “चहा घ्या.”

राधाबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “पोरगं परत यावं असं मला रोज वाटायचं, सर. मी नुसतं बोलले न्हाई कोणाला.” आणि आत गेल्या.

मी निघालो तेव्हा चेतन काठी घेऊन रिक्षापर्यंत आला. वडिलांना ऐकू जाणार नाही इतके अंतर झाल्यावर म्हणाला, “सर, मला ऐकू यायचं.”

“काय?”

“माझं नाव. तुमच्या आवाजात. नऊ नंबर, चेतन कचरू ओव्हाळ. मग पाय उचलायचा नाही. तीन-चार मॅचनंतर मला कळलं होतं, तुम्हीच आहात.”

मी विचारले, “मग फोनवर बोलला का नाहीस? थांबवा म्हणाला असतास तर मी थांबलो असतो.” हे मी म्हणालो खरे, थांबलो असतो की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

तो रस्त्याकडे बघत होता. “तिथं मला कोणी ओळखत नव्हतं, सर. नावसुद्धा ‘ओभाल’ म्हणायचे. ळ कुणाला येत नव्हता. आठवडाभरात तेवढं एकदाच कोणीतरी माझं नाव नीट घ्यायचं. मला ते बंद व्हायला नको होतं.”

रिक्षावाला हॉर्न देत होता. मी चेतनचा हात धरला. त्याने तो धरू दिला. मग म्हणाला, “पण आता पुरे, सर. मला मोकळं करा.”

पुढच्या रविवारी मी उद्घोषक म्हणून शेवटचा मैदानावर गेलो व यादी वाचली. आठ नंबरनंतर थांबून म्हणालो, “नऊ नंबर, चेतन कचरू ओव्हाळ, खेळत नाहीत. ते आपल्या घरी आहेत. त्यांना कोणीही हाक मारू नये.” लोकांनी आरडाओरडा केला. “काय सर, शेवटी विकलंत ना तुम्हीपण?” असे मागून कोणीतरी ओरडले आणि पाण्याची बाटली माझ्या खांद्याला लागली. आम्ही चार गोलांनी हरलो. मी माझा माईक आणि कर्णे काढून घरी आणले.

दीड महिन्याने चेतनने काठी सोडली. डॉक्टरांनी नस मोकळी झाली असे सांगितले. कचरूरावांनी मला मुद्दाम फोन करून ते कळवले, आणि मी ते मान्य केले. गेल्या महिन्यात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, तो शहरातल्याच एका दुसऱ्या क्लबकडून मुठाकाठविरुद्ध खेळला. मी पाहायला गेलो. त्याने आमच्यावर दोन गोल केले. आमच्या बाजूला टाळी वाजवणारा मी एकटाच होतो. रंगराव शेजारी येऊन बसले आणि हळूच म्हणाले, “सर, हाच ना आपण विकलेला? परत घेता येईल का?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि माझी नजर मैदानाच्या आमच्या टोकाकडे, डाव्या कोपऱ्यातल्या झेंड्याकडे गेली. चेतन त्या वेळी पलीकडच्या टोकाला गोल साजरा करत होता, निळ्या जर्सीत. झेंड्याजवळ मुठाकाठच्या जुन्या जर्सीत दुसरा उभा होता. कमरेवर हात. आता सरळ पाहिले तरी तो जात नव्हता. त्याचे खेळाकडे लक्ष नव्हते. तो माझ्याकडे बघत होता.

कलम ८. माझ्या देहावर कोणतेही विधी करू नयेत. देहदानाचा अर्ज भरलेला आहे. क्लबच्या मैदानावर शोकसभा घेऊ नये. घेतल्यास नीरजाने जाऊ नये.

कलम ९. हे कलम साक्षीदारांखेरीज नीरजाने एकटीनेच वाचावे व स्पृहाला वाचू देऊ नये.

त्या सामन्यानंतर तो माझ्या घरी येऊ लागला आहे. वर येत नाही. दुपारी साडेतीनच्या सुमारास खाली, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी, रस्त्याच्या कडेला उभा राहतो. आधी रविवारी येत असे, आता रोज येतो. स्कूटरवाले त्याच्याकडे न बघता त्याला वळसा घालून जातात, खांबाला घालतात तसा. जर्सी भिजलेली असते, कडक ऊन असले तरी. तो बावीस वर्षांचा आहे. चेतन आता पंचवीसचा आहे, त्याच्या कपाळावर आठी आली आहे. याच्या नाही. याचे काहीच पुढे गेलेले नाही.

मी चेतनला विचारले, तुला आता काही ऐकू येते का, पाय कसे आहेत. तो म्हणाला, “एकदम फ्री, सर.” म्हणजे खाली उभा आहे तो चेतन नाही. चेतन त्याच्या घरी गेला. हा मागे राहिला. मी दोन मोसम हाका मारून जो आणला, ज्याला आईबाप नाहीत, मांजरी नाही, परत जायला कोणी नाही, तो हा. दोनशे माणसांनी ओरडून ज्याला मागितले तो हा. त्याला विकता येत नाही, आणि सोडताही येत नाही, कारण सोडायचे तर नाव घेऊन सांगावे लागते आणि याला स्वतःचे नावच नाही.

तो गॅलरीकडे तोंड करून वाट बघतो. काही मागत नाही. यादी वाचायला कधी सुरुवात होते, एवढेच त्याला हवे असावे. पहिल्या आठवड्यात मला भीती वाटत असे. आता वाटत नाही. आता मला त्याची कीव येते, आणि ती भीतीपेक्षा वाईट आहे, कारण काल दुपारी त्याला काहीतरी नाव द्यावे असे माझ्या मनात आले होते. मी तोंडावर हात धरून आत आलो.

सबब लिहून ठेवतो की तो माझ्या मिळकतीचा भाग नाही व कोणाच्याही नावे करता येणार नाही. तो माझा एकट्याचा आहे. मी गेल्यावर तो येणे बंद होईल असे मला वाटते, पण खात्री देत नाही. तो आलाच, तर नीरजा, गॅलरीचे दार लावून घे. त्याला पाणी विचारू नकोस. तो दमलेला दिसेल, तरी विचारू नकोस. आणि काही झाले तरी त्याला कोणत्याही नावाने हाक मारू नकोस. तुझा आवाज माझ्यासारखा आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी नीरजाने करावी. वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला. एकही शब्द खोडायचा नाही.

ठिकाण: सदाशिव पेठ, पुणे
दिनांक: १४ डिसेंबर २०२५, रविवार

(सही) श्यामसुंदर वामन खांबेटे

साक्षीदार १: कर्त्याने माझ्यासमक्ष व डॉक्टरांसमक्ष सही केली. कलम ६ मध्ये उल्लेखलेली वही माझ्याकडे आहे व त्यातील अक्षर माझे आहे.
(सही) आम्रपाली दिनकर कांबळे, निवृत्त परिचारिका

साक्षीदार २: मी कर्त्यास अकरा वर्षे तपासत आहे. आज दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी तपासले असता त्यांची बुद्धी, वाचा व स्मरण उत्तम स्थितीत आढळले. भ्रमाचे कोणतेही लक्षण नाही. सही करण्यापूर्वी त्यांनी मला गॅलरीचे दार लावण्यास सांगितले, ते मी लावले. लावताना खाली पाहिले. कलम ९ मधील वर्णन बरोबर आहे. मी हाक मारली नाही.
(सही) डॉ. आमोद श्रीराम पटवर्धन